हौसेच्या सशाला व्यावसायिक पिंजरा नको

घरी एखादा ससा पाळू इच्छिणारे कुटुंब पिंजऱ्याविषयी विचारू लागले की, ससेपालन प्रकल्पातील तारेचा पिंजरा सुचवला जातो. हा सल्ला सोपा असला तरी योग्य नाही, असे माझे मत आहे.

तारेच्या जाळीतून लेंड्या व मूत्र खाली पडते, जागा कोरडी राहते आणि कॉक्सिडिओसिसचा धोका घटतो. हा गुण मोठाच. परंतु सशाच्या तळपायाला कुत्र्या-मांजरासारखी गादी नसते, केवळ दाट केस असतात. सतत तारेवर बसून टाचांना जखमा होतात, वजनदार सशांना अधिकच. पैदाशीचे जनावर काही वर्षांत बदलले जाते; घरचा ससा आठ-दहा वर्षे जगू शकतो. त्याच्यासाठी निम्मा तळ तरी लाकडी फळीचा असावा आणि त्यावर वाळलेले गवत रोज बदलावे. लांबी सलग तीन उड्यांपुरती आणि उंची मागच्या पायांवर उभे राहता येईल इतकी हवी. बाजारातील पक्ष्यांचे रंगीत पिंजरे या कसोटीला उतरत नाहीत.

खरा प्रश्न मात्र उन्हाळ्याचा आहे. सशाला घाम येत नाही. शरीरातील उष्णता तो मुख्यतः कानांवाटे बाहेर टाकतो. साधारण 15 ते 25 अंश सेल्सिअस तापमान त्याला मानवते, 30 च्या पुढे ताण जाणवू लागतो. केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्थेचे अंगोरा सशांवरील काम कुलू खोऱ्यातील गार्सा येथे चालते, ते उगाच नव्हे. विदर्भ, तेलंगणा वा राजस्थानच्या मे महिन्यात पत्र्याखालचा पिंजरा म्हणजे भट्टीच. महागड्या पिंजऱ्यापेक्षा गवती छप्पर, झाडाची दाट सावली आणि वाऱ्याच्या बाजूला टांगलेले ओले गोणपाट यांवर खर्च व्हावा. खोली बंद करून गारवा राखण्याचा मोह टाळावा; मूत्रातील अमोनिया कोंडला की श्वसनाचे आजार बळावतात.

जाळी बारीक आणि कडी पक्की हवी. मांजर वा मुंगूस आत शिरले नाही तरी भेदरलेला ससा पाय झाडून स्वतःचाच कणा मोडून घेऊ शकतो. (शेतात सापडलेले रानसशाचे पिल्लू घरी आणू नये, 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण आहे.)

पिल्ले विकणाऱ्या शेतकरी बांधवांनी ग्राहकाला किमतीआधी जागेविषयी विचारावे. सावलीची, हवेशीर जागा नसेल तर निदान एप्रिल-मेमध्ये पिल्लू देऊ नये.