मसाज थेरपिस्टना कायद्याचे छत्र, मोबदल्याचा प्रश्न मात्र कायम

बंगळुरूच्या बसवनगुडीसारख्या जुन्या वसाहतीतही आता मसाजची सेवा मोबाईलवरून घरी मागवता येते. मात्र अशी सेवा देणारे थेरपिस्ट सर्वसाधारणपणे कंपनीचे कर्मचारी नव्हे, तर 'भागीदार' मानले जातात. परिणामी किमान वेतन, भरपगारी रजा आणि भविष्य निर्वाह निधी यांचा लाभ त्यांना मिळत नाही.

या पार्श्वभूमीवर कर्नाटकने २०२५ मध्ये केलेला गिग कामगार कायदा महत्त्वाचा ठरतो. त्यानुसार कामगारांना दिल्या जाणाऱ्या मोबदल्याच्या १ ते ५ टक्के कल्याण शुल्काची तरतूद असून ते कंपन्यांनी भरायचे आहे. कामावरून कमी करण्यापूर्वी सर्वसाधारणपणे १४ दिवसांची लेखी पूर्वसूचना देणेही बंधनकारक आहे. ग्राहकांच्या गुणांकनावर ज्यांचे काम अवलंबून असते, त्यांना या तरतुदीचा मोठा आधार आहे.

तथापि, मोबदला किमान किती असावा, हे हा कायदा ठरवत नाही. गुरुग्राममध्ये २०२१ साली घरोघरी सौंदर्यसेवा देणाऱ्या महिलांनी आंदोलन केले, तेव्हा कंपनीचे वाढते कमिशन आणि सुरक्षितता हेच त्यांचे प्रमुख मुद्दे होते. मसाजच्या कामात शारीरिक श्रम अधिक असल्याने दिवसभरात मोजकेच ग्राहक घेता येतात. प्रवास आणि प्रतीक्षेच्या वेळेचे पैसे मिळत नसतील, तर दर सत्राचा आकडा फसवा ठरतो.

अनोळखी घरात एकट्याने काम करताना सुरक्षिततेचा प्रश्नही गंभीर बनतो. लैंगिक छळ प्रतिबंधक कायद्याने २०१३ मध्येच निवासस्थानाचा समावेश कामाच्या ठिकाणात केला आहे. अर्धवट सोडून निघालेल्या सत्राचे पैसे आणि गुण कापले जाणार नाहीत, अशी हमी मिळाली, तरच या संरक्षणाला अर्थ प्राप्त होईल.