भीती नव्हतीच...

(मामाला विचारूनच लिहितेय. 'लिही, पण नाव नको' म्हणाला.)

११ जुलै २००६. त्या संध्याकाळी मुंबईत पश्चिम रेल्वेच्या लोकलमध्ये ११ मिनिटांत ७ स्फोट झाले, सगळे फर्स्ट क्लासच्या डब्यांत. मामा ऑफिसात अडकला म्हणून वाचला. त्याचा रोजचा सोबती गेला. आठवडाभरात मामा पुन्हा लोकलने जायला लागला आणि आम्ही कौतुक करत बसलो. घाबरला नाही बघा!

मित्राला फर्स्ट क्लासचा पास मामानेच काढायला लावला होता. हे त्याने कित्येक वर्षं कुणाला सांगितलं नाही. आम्हाला दिसायचा तो राग. भाजीत मीठ कमी, की ताट सरकवलं. 'स्वभावच तापट', म्हणून आम्ही मोकळे. (आधी नव्हता, हे कुणाच्या लक्षात कसं आलं नाही?) मित्राच्या मुलीच्या लग्नालाही गेला नाही. आजी म्हणायची, 'देवाची कृपा, तू वाचलास.' की हा उठून बाहेर.

आम्हीच कशाला, तज्ज्ञही भीतीवरच अडले होते. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेत हा आजार १९८० साली आला, तो चिंतेच्या आजारांत. वाचल्याचा अपराधीपणा तेव्हा लक्षणांत होता, पुढे तो गाळला! १९९४ च्या आवृत्तीत तर घटनेच्या वेळी भीती, असहायता किंवा थरकाप वाटलाच पाहिजे अशी अट होती. २०१३ मध्ये ती काढली आणि अपराधीपणा, लाज, राग यादीत आले.

भीतीवरचा एक उपाय म्हणजे टाळलेल्या जागी, टाळलेल्या आठवणीत हळूहळू परत जाणं. अनेकांना त्याने खरंच बरं वाटतं. पण मामा तर रोज त्याच लोकलने जात होता! त्याच्या समुपदेशक बाईंनी वेगळी वाट धरली. मनात रुतलेलं वाक्य कागदावर लिहायचं आणि तपासायचं. 'माझ्यामुळे गेला,' मामाने लिहिलं. बाईंनी विचारलं, "पास काढताना तुम्हाला काय माहीत होतं?"

"बसायला जागा मिळते, एवढंच."

एका प्रश्नात काही झालं नाही, महिने लागले. पण माझं मत आता पक्कं आहे. वाचलेल्या माणसाला नुसतं 'भीती वाटते का' विचारून भागत नाही, आणि 'सुटलास' तर म्हणूच नये.

मामा मित्रासाठी रडला तो त्यानंतर, पहिल्यांदा. मग वहिनींना भेटून आला. काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही. राग अजून येतो त्याला. मीठ मात्र मागून घेतो.