भिंतीवरचं केळं

2024 च्या नोव्हेंबरात न्यूयॉर्कच्या लिलावात कॅटेलान नावाच्या कलाकाराचं, भिंतीला चिकटपट्टीनं डकवलेलं केळं 62 लाख डॉलरला गेलं. आपले 52 कोटी! केळं त्याच दिवशी हातगाडीवरून 35 सेंटला आणलेलं. जाणकार सांगतात, मोल केळ्याचं नाही, कल्पनेचं. घेणाऱ्याला कागद मिळतो. केळं सडलं की दुसरं चिकटवा. बरं, ही म्हणे बाजाराची थट्टा. हसायला मीही तयार आहे. पण त्याच बाजारानं तिला डोक्यावर घेतलं, मग थट्टा झाली कुणाची? वर्षभर राखलेल्या माझ्या घडावर डाग दिसला की व्यापारी भाव पाडतो. तिथं घेणाऱ्यानं केळं चारचौघांत खाऊन टाकलं, तर त्याचीही बातमी झाली.