मोगरा नको, हाताचा बाक द्या

कर्करुग्णांसाठी मदत केंद्र उभारणारी मंडळी गेल्या महिन्यात माझ्या नर्सरीत आली होती. बागेची यादी त्यांनी आणलीच होती: मोगरा, रातराणी, सोनचाफा आणि मधोमध कारंजं. मी पेन काढून पहिली तीन नावं खोडली. चहा झाल्यावर कारंजंही खोडलं.

हिच्या केमोची दुसरी सायकल झाली त्या संध्याकाळी मी सवयीनं मोगऱ्याचा गजरा घेऊन घरी गेलो. दारातच तिला उमळून आलं. लग्नापासून मोगरा माळणारी बाई! गजरा जिन्याच्या खिडकीत ठेवून आलो. पुढे तिचे तळपाय बधिर झाले. रुग्णालयाच्या आवारात शोभेच्या गोट्यांची वाट होती, तिच्यावर पाऊल टाकायची तिची छाती होईना. हिरवळीवर ‘चालू नये’ची पाटी. बाक संगमरवरी, उन्हात, बिनहातांचे. बसलं तर उठवायला दोघं लागायची. आम्ही पार्किंगच्या कठड्यावर बसायचो. बाग मात्र फोटोत फार छान दिसते.

मॅगी केझविक जेंक्स या बाईनं हे दुखणं स्वतः भोगलं होतं. ती बागा आखायची. चिनी बागांवरचं तिचं पुस्तक १९७८ सालचं. १९९३ मध्ये कर्करोग उलटल्याचं तिला सांगितलं गेलं आणि ती बातमी पचवायला जागा मिळाली ती बिनखिडकीच्या बोळात. उरलेल्या दिवसांत तिनं वेगळ्या जागेचा आराखडा मांडला. १९९५ मध्ये ती गेली. पुढच्या वर्षी एडिंबरात रुग्णालयाच्या आवारातल्या जुन्या तबेल्यात पहिलं ‘मॅगीज’ केंद्र उघडलं. तिथं स्वयंपाकघरातलं टेबल आणि खिडकीबाहेरची बाग यांना औषधाइतका मान आहे. मँचेस्टरच्या केंद्राला तर नॉर्मन फॉस्टर यांनी काचेचं रोपघरच जोडलं आहे.

या गोष्टी हळव्या वाटणाऱ्या विश्वस्तांना मी रॉजर उलरिक यांचा १९८४ चा अभ्यास सांगतो. पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर ज्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती, ते विटांची भिंत पाहणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना कडक वेदनाशामकंही कमी लागली.

पण तिथली बाग उचलून इथं आणू नका. त्यांना ऊन हवं असतं, आपल्याला सावली. केमोच्या काही औषधांनी कातडी उन्हाला सोसेनाशी होते. सावली आधी, फुलं मागाहून. रक्तातल्या पांढऱ्या पेशींचा काउंट खाली आलेल्या माणसाजवळ कारंज्याचे तुषार नकोत आणि माळ्यानं ओलं खत उकरणंही नको. वाट सपाट हवी, दर वीस पावलांवर हातांचा बाक हवा. आणि एक कोपरा असा, जिथं कुणाला न दिसता रडता येईल. हे शेवटचं मी बैठकीत बोललो तेव्हा सगळे गप्प झाले होते.

फुलांचं म्हणाल तर जास्वंद, कर्दळ, अबोली लावा. अबोलीला वास नाही, तरी गजरा होतो. केस परत आल्यावर हिनं पहिला माळला तो अबोलीचाच.

विश्वस्तांनो, आराखड्यावर सही करण्याआधी केमो घेऊन तीन दिवस झालेल्या एखाद्या माणसाला तो कागद दाखवा. तो खोडेल ते खोडा. अबोलीची रोपं माझ्याकडून घेऊन जा, त्यांचे पैसे मी घेणार नाही.