आधी आम्हाला सांगा

फेब्रुवारी २०१९ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी जगभरच्या बिशपांना व्हॅटिकनमध्ये बोलावून घेतले. विषय एकच होता, धर्मगुरूंकडून होणारे मुलांचे लैंगिक शोषण. चार दिवसांच्या त्या परिषदेच्या आयोजकांत मुंबईचे तेव्हाचे आर्चबिशप कार्डिनल ऑस्वाल्ड ग्रेशियस होते. नेमक्या त्याच दिवसांत बीबीसीने मुंबईतले एक प्रकरण बाहेर काढले. नोव्हेंबर २०१५ मध्ये गोवंडीच्या शिवाजीनगरात तेरा वर्षांच्या मुलावर चर्चच्या धर्मगुरूनेच अत्याचार केला होता. घरच्यांनी दोन-तीन दिवसांत कार्डिनलांची भेट घेतली. कार्डिनल त्या रात्री रोमला निघायचे होते. त्यांनी ऐकून घेतले, पुढचे सहकाऱ्यांवर सोपवले आणि ते गेले. आपण पोलिसांना लगेच कळवले नाही, हे त्यांनी बीबीसीशी बोलताना मान्य केले. गुन्हा नोंदला गेला तो घरचे पोलिसांत गेले म्हणून. डिसेंबर २०२१ मध्ये मुंबईच्या विशेष न्यायालयाने त्या धर्मगुरूला जन्मठेप सुनावली.

आपले सोलापूर कॅथलिक चर्चच्या रचनेत पुणे धर्मप्रांतात येते, मुंबईशी त्याचा थेट संबंध नाही. शिवाय ‘हे ख्रिस्ती लोकांचे’ म्हणून पान उलटण्याची सवय आपल्याकडे आहेच. ती सवय इथे उपयोगाची नाही.

जानेवारी २०२४ मध्ये आळंदीत एका खासगी वारकरी शिक्षण संस्थेच्या चालकाला विद्यार्थ्यांवरच्या अत्याचाराच्या आरोपावरून अटक झाली. पाठोपाठ आणखी तक्रारी आल्या. २०२५ च्या सुरुवातीला राज्य महिला आयोगाच्या तेव्हाच्या अध्यक्ष रूपाली चाकणकर यांनी आळंदीतल्या विनापरवाना संस्था तपासून बंद करण्याचे आदेश प्रशासनाला दिले. त्याआधी आळंदीचे ग्रामस्थच या मागणीसाठी उभे राहिले होते, हे विसरू नये. जोग महाराजांनी १९१७ मध्ये आळंदीत वारकरी शिक्षण संस्था काढली, तेव्हा विद्यार्थी गावात माधुकरी मागत. रोज चार घरच्या बायाबापड्यांना मुलाचे तोंड दिसे; पोर सुकले, गप्प झाले, तर कुणाच्या तरी ध्यानात येई. त्या मूळ संस्थेच्या पुण्याईवर पुढे भाड्याच्या खोल्यांत ज्या संस्था निघाल्या, तिथे मूल आणि महाराज यांच्यामध्ये तिसरे माणूस उरले नाही. आईबाप गावाकडे, महिन्याचे पैसे फोनवरून पाठवायचे आणि ‘पोरगं वळणाला लागलं’ म्हणून समाधान मानायचे.

मदरशांचेही तेच. जुलै २०१८ मध्ये पुण्याच्या कात्रज भागातल्या एका मदरशातून पळालेली दोन मुले पुणे स्टेशनवर सापडली, त्यांनी तोंड उघडले आणि तिथल्या ३६ मुलांना बाहेर काढण्यात आले. आतल्या एकाही मोठ्या माणसाने फोन केला नव्हता. फलाटावर भेटलेल्या परक्या कार्यकर्त्यांना सांगणे त्या पोरांना सोपे वाटले.

धर्म बदलला, पोशाख बदलला तरी संस्थेचे पहिले वाक्य एकच असते: आधी आम्हाला सांगा. बाहेर बोभाटा नको, आपण आतल्या आत बघू. व्हॅटिकनच्या परिषदेनंतर मे २०१९ मध्ये पोपनी नवा नियम काढला. धर्मगुरू आणि धर्मभगिनी यांनी अशी माहिती मिळताच चर्चच्या वरिष्ठांना कळवणे सक्तीचे झाले. देशाचा कायदा पाळावा असेही त्यात आहे, पण सक्ती आहे ती वरिष्ठांना सांगण्याची. इस्कॉनच्या गुरुकुलांत सत्तरच्या आणि ऐंशीच्या दशकांत मुलांचे जे हाल झाले त्याचा अभ्यास १९९८ मध्ये संस्थेच्याच नियतकालिकात छापून आला. त्याच वर्षी बालसंरक्षण कार्यालय निघाले. एवढे तरी आपल्या किती मठांनी केले आहे? पण कार्यालय संस्थेचेच. ऑस्ट्रेलियात बालशोषणाची चौकशी करणाऱ्या शाही आयोगाने यहोवाज् विटनेसेस या पंथाची दप्तरे उघडली, तेव्हा १९५० पासूनच्या १,००६ आरोपितांच्या नोंदी नीट लावून ठेवलेल्या सापडल्या. त्यातले एकही प्रकरण पंथाने स्वतःहून पोलिसांकडे नेलेले नव्हते. दप्तर चोख, पोलिसांचा नंबर तेवढा कुणी फिरवला नाही.

भारतीय कायद्याने हा ‘आधी’ शिल्लकच ठेवलेला नाही. १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू असलेल्या पॉक्सो कायद्याचे कलम १९ सांगते की गुन्हा घडल्याचे ज्याला कळले, किंवा घडेल अशी धास्ती ज्याला वाटते, त्या कुणाही माणसाने स्थानिक पोलिसांना किंवा विशेष बाल पोलिस पथकाला कळवायचे. कुणाही म्हणजे कुणाही. पुजारी, पाद्री, मौलवी, स्वयंपाकी, पखवाज शिकवणारे गुरुजी. चर्चमधल्या कबुलीजबाबाच्या गुप्ततेलाही त्यात सूट नाही. कलम २१ प्रमाणे गप्प बसणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही. आणि हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद आणि दंड. कलम ५ ने तर धार्मिक संस्थेचे नावच घेतले आहे: तिथल्या व्यवस्थापनातल्या किंवा नोकरीतल्या माणसाने तिथल्या मुलावर अत्याचार केला तर गुन्हा अधिक गंभीर धरला जातो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला किमान वीस वर्षांची शिक्षा आहे.

‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ हे विश्वस्त मंडळांचे आवडते तत्त्व. या कायद्यात त्या झाकण्याचीच शिक्षा आहे.

मग गप्प बसणारी माणसे तुरुंगात का जात नाहीत? इथे दोन निकाल शेजारी ठेवून वाचावेत. केरळात कन्नूर जिल्ह्यातल्या कोट्टियूरला चर्चच्या धर्मगुरूमुळे अल्पवयीन मुलगी गरोदर राहिली. हाच धर्मगुरू शाळेचा व्यवस्थापकही होता. बाळंतपण इस्पितळात झाले, बाळ वायनाडच्या अनाथालयात हलवले गेले आणि मुलीच्या बापाने सुरुवातीला दोष स्वतःवर घेतला. चाइल्डलाइनला खबर लागली म्हणून हे सगळे उलगडले. धर्मगुरूला २०१९ मध्ये वीस वर्षांची शिक्षा झाली, उच्च न्यायालयाने पुढे ती दहावर आणली. मात्र न कळवल्याचा आरोप असलेल्या डॉक्टरांना सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्येच मोकळे केले होते. त्यांना प्रत्यक्ष माहिती होती असे दिसत नाही, आणि कायदा तपास करत बसायला सांगत नाही, असा त्याचा आशय. दुसरा निकाल आपल्याच राज्यातला. चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्यात वसतिगृहातल्या आदिवासी मुलींवर अत्याचार झाले. त्यांच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरवरचा न कळवल्याचा गुन्हा नागपूर खंडपीठाने रद्द केला होता. नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो पुन्हा उभा केला. माहीत असून न कळवणे हा गंभीर गुन्हा आहे आणि बहुधा तो गुन्हेगाराला पाठीशी घालण्याचाच प्रयत्न असतो, असे न्यायालयाने बजावले. राजुऱ्याचे वसतिगृह मठाचे नव्हते. पण वसतिगृह ते वसतिगृह.

म्हणजे सगळे अडते ते ‘माहीत होते का’ या तीन शब्दांवर. ज्या संस्थेत काहीच लिहून ठेवायची रीत नाही, तिथे ‘आमच्या कानावर आलेच नव्हते’ हे म्हणायला कायम मोकळीक असते. म्हणून धार्मिक संस्थेचे धोरण चांगले की वाईट हे ओळखायला त्यातली प्रेम, करुणा, पावित्र्य ही पाने वाचण्याची गरज नाही. मुलाने कोणाला सांगितले, किती वाजता, आणि त्या माणसाने पोलिसांना किती वाजता कळवले, हे लिहायची वही आहे की नाही, एवढे पाहावे.

खोट्या तक्रारीची भीती पुढे केली जाते. ती अगदीच पोकळ नाही. सोलापूरच्या लिंगायत घरांत चित्रदुर्गच्या मुरुघा मठाच्या प्रकरणाची चर्चा अजून होते. मठाच्या वसतिगृहातल्या मुली २०२२ मध्ये थेट म्हैसूरला एका स्वयंसेवी संस्थेकडे गेल्या आणि गुन्हा तिकडे नोंदला गेला. मठाधिपतींना अटक झाली आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये न्यायालयाने पहिल्या खटल्यात त्यांना निर्दोष सोडले. या निकालावरून कळवणाऱ्याला दोष देणारे भेटतात. पण निवाडा करणे न्यायालयाचे काम होते, ते त्याने केले. कळवणाऱ्याकडे कायदा पुरावा मागत नाही आणि सद्भावनेने कळवले असेल तर त्याला संरक्षणही देतो. प्रश्न उरतो तो वेगळाच: मुलींना आपले म्हणणे मांडायला आपला जिल्हा सोडून म्हैसूर का गाठावे लागले?

आता आपल्या घरचे. पंढरपुरात मठ आणि फड, अक्कलकोटला स्वामीभक्तांचा राबता, शहरात मिशनची वसतिगृहे आणि मदरसे. सोलापूर जिल्ह्यात धर्माच्या छपराखाली राहणारी मुले थोडी नाहीत. या संस्थांपैकी ज्या विश्वस्त संस्था म्हणून नोंदलेल्या आहेत त्यांना १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा लागू आहे. एखादा विश्वस्त वारला किंवा बदलला की नव्वद दिवसांत चेंज रिपोर्ट द्यावा लागतो. दानपेटीचा हिशेब तपासला जातो. विश्वस्तांच्या आपसातल्या वादांच्या तारखांवर तारखा पडतात. धर्मादाय कार्यालयाच्या पायऱ्या झिजवणारे वकील सोलापुरात कमी नाहीत. या सगळ्या कागदांत ‘तुमच्याकडे मुले राहतात का’ हा रकाना मात्र नाही.

तो घालावा. वार्षिक हिशेबासोबत एक पान जोडायला लावावे: राहणाऱ्या मुलांची संख्या, मुलांजवळ वावरणाऱ्या प्रत्येकाची पोलिस पडताळणी कधी झाली, आणि कळवण्याची जबाबदारी असलेल्या दोन माणसांची नावे, त्यातली एक बाई. २०२० च्या पॉक्सो नियमांनी मुलांच्या संस्थांना पडताळणी सक्तीची केलेलीच आहे आणि राज्याच्या बालसंरक्षण धोरणाचा स्वीकारही. नवा कायदा करायची गरज नाही. कुचराई करणाऱ्या विश्वस्ताला दूर करण्याचे अधिकार धर्मादाय आयुक्तांना कलम ४१ ड खाली आहेत. ते पैशांच्या अफरातफरीतच वापरावेत असे कुठे लिहिलेले नाही.

आणि भिंतीवर एक फलक, मुलांच्या झोपायच्या खोलीत, महाराजांच्या बैठकीत नव्हे. १०९८ आणि ११२ हे दोन क्रमांक मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दूत, कारण सोलापूरची मुले या चारही भाषांत बोलतात. शेजारी मुलांना हात लावता येईल असा फोन. खर्च फार नाही, तरी तो आपोआप लागेल असे नाही. विश्वस्तांच्या पुढच्या बैठकीत हा पहिला विषय म्हणून घ्यावा लागेल, आणि कोण काय म्हणाले, विरोध कोणी केला, ते नावासकट इतिवृत्तात उतरवावे लागेल.