जुन्या जीपमधील नवे सूर

माळव्यातील काही मराठी घरांच्या अंगणात आजही एखादी जुनी जीप उभी असते. महूकडील शेतावर, पाताळपाणीच्या वाटेवर वा जानापावच्या चढावर तिने दोन-दोन पिढ्यांना वाहून नेलेले असते. घरातील मुलांना तीत उत्तम संगीत हवे असते. वडीलधाऱ्यांना तो पैशाचा अपव्यय वाटतो. दोन्ही पक्षांत तथ्य आहे. म्हणूनच खरेदीला निघण्यापूर्वी ध्वनीचा हिशेब समजून घेणे हिताचे.

ज्या नगरीत १९२९ साली लता मंगेशकरांचा जन्म झाला आणि जिचे नाव उस्ताद अमीर खाँ यांच्या गायकीला लाभले, त्या इंदूरकरांना सुरांची महती सांगावयास नको. परंतु जीप ही काही मैफलीची खोली नव्हे. बंद मोटारीत खर्जाचा नाद आतल्या आत टिकतो. कनातीच्या छताखाली तो वाऱ्यावर जातो. त्यात इंजिनाची घरघर आणि टायरांचा आवाज. मग दुकानदार सुचवितो, मोठा अॅम्प्लिफायर घ्या.

येथेच गणित आडवे येते. वीजशक्ती दुप्पट केली तरी ध्वनी केवळ ३ डेसिबलने वाढतो. आवाज दुप्पट भासावा यासाठी ती सुमारे दहापट करावी लागते. उलट, एक वॅट शक्तीवर एक मीटर अंतरावर ८९ ऐवजी ९२ डेसिबल देणारा स्पीकर निवडला, तर तीच ३ डेसिबलची वाढ अधिक वीज न खाता पदरात पडते. हा आकडा स्पीकरच्या माहितीपत्रकात दिलेला असतो. तो अवश्य पाहावा.

विजेची काटकसर जुन्या गाडीत प्राणाइतकी मोलाची आहे. १२ व्होल्टच्या बॅटरीवर ५५ वॅटचे दोन दिवे सुमारे ९ अँपियर प्रवाह घेतात. २०० वॅटचा अॅम्प्लिफायर पूर्ण जोरात चालला तर एकटाच १७ अँपियरांहून अधिक ओढतो. जुन्या डायनामोला हे दोन्ही ओझे पेलत नाही. बॅटरी उतरते आणि रात्री घाटात गाडी पुन्हा सुरू होत नाही. त्याहून मोठे भय आगीचे. यासाठी बॅटरीपासून हात-दीड हाताच्या आतच फ्यूज बसवावा, तार प्रवाहाला साजेशी जाड घ्यावी आणि पत्र्याच्या भोकातून ती नेताना रबरी कडे घालावे. अन्यथा हादऱ्यांनी वेष्टन घासून तार उघडी पडते. कागदी पडद्याचे स्पीकर पावसात फुगतात. प्लास्टिकच्या पडद्याचे, रबरी किनारीचे घ्यावेत.

आणखी एक गोष्ट कानांची. ८५ डेसिबलचा आवाज दिवसाकाठी आठ तास सोसवतो, असे तज्ज्ञ मानतात. त्यावर दर ३ डेसिबलला ही मुदत निम्मी होते. ९४ डेसिबलला ती एका तासावर येते. उघड्या जीपमधील गोंगाटावर मात करण्याच्या हट्टात हा आकडा सहज गाठला जातो. शिवाय मागून येणाऱ्या ट्रकचा भोंगा ऐकू आला नाही, तर त्या संगीताची किंमत फार भारी पडेल. वस्तीतून जाताना शेजाऱ्यांचाही विचार हवा. २००० सालच्या नियमांनी निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल ठरविली आहे.

शेवटची सूचना वडीलधाऱ्यांच्या बाजूने. मूळ डॅशबोर्डचा पत्रा कापू नये. आसनाखाली वा मधोमध स्वतंत्र लाकडी पेटी करून तीत यंत्र बसवावे. यंत्रे काही वर्षांत जुनी होतात, ती बदलता येतात. कापलेला पत्रा मात्र पूर्ववत होत नाही. मुलांनी सूर घ्यावेत, वडिलांची जीप अभंग राहावी, एवढे साधले म्हणजे घरातील वाद मिटला असे समजावे.