आजोबांचे घड्याळ मोडीत घालू नका



सोयाबीनची रास झाली, की दिवाळीच्या साफसफाईसाठी माळ्यावरची ट्रंक खाली येते. आपल्या जळकोट भागात अशा ट्रंकेत पुष्कळदा बंद पडलेले चावीचे घड्याळ निघते. कोणाला ते लग्नात मिळालेले, कोणाच्या आजोबांनी साखळीला अडकवून कोटाच्या खिशात मिरवलेले. मोडवाला दारावर आला, की ते पितळी भांड्यांबरोबर तराजूत पडते. तसे करण्याआधी चार गोष्टी ध्यानात घ्याव्यात.

मनगटी घड्याळांपैकी बरीचशी एच.एम.टी.ची असतात. या सरकारी कंपनीने १९६१ साली बंगलोरला जपानच्या सिटिझन कंपनीच्या साहाय्याने घड्याळे करायला घेतली. ‘जनता’, ‘पायलट’, ‘कोहिनूर’ ही नावे घरोघरी गेली. पुढे याच कंपनीचा झेटर ट्रॅक्टरही शेतात आला. जावयाला घड्याळ, सायकल, रेडिओ देण्याची रीत पडली आणि त्यापायी कित्येक बापांनी कर्ज काढले, हेही विसरू नये.

या घड्याळाचे नाव भातालाही मिळाले आहे. चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड तालुक्यात नांदेड नावाचे खेडे आहे. आपले नांदेड नव्हे. तेथील अल्पभूधारक शेतकरी दादाजी खोब्रागडे यांनी १९८३ साली आपल्या भातात वेगळ्या रंगाच्या लोंब्या पाहिल्या. त्यांनी त्या निवडून जपल्या आणि वर्षानुवर्षे वाढवल्या. त्यातून बारीक दाण्याचा वाण निघाला. त्याला त्या काळच्या गाजलेल्या घड्याळावरून ‘एच.एम.टी.’ नाव पडले. दादाजी २०१८ साली वारले, वाण मात्र शेतात आहे.

१९८० नंतर सेलवर चालणारी घड्याळे स्वस्त झाली आणि चावीची मागे पडली. जानेवारी २०१६ मध्ये केंद्र सरकारने एच.एम.टी.चा घड्याळ विभाग बंद करण्याचा निर्णय घेतला. तेव्हापासून शहरातले हौशी लोक ही घड्याळे शोधून घेतात आणि रोज वापरतात. म्हणून पुढील काळजी घ्यावी.

१. खिशातले घड्याळ चांदीचे असू शकते. झाकणाच्या आतल्या बाजूचा छाप ओळखीच्या सराफाला दाखवावा. त्याआधी किंमत ठरवू नये.

२. डायल फिकी पडली तरी रंगवून घेऊ नये. जाणकार मूळ डायललाच मोल देतो. आपण विकत घेताना उलटे पाहावे. घड्याळ जुने, पण डायल भडक आणि अक्षरे वाकडी असतील, तर ती नव्याने रंगवलेली समजावी. असा माल मुंबईच्या बाजारातून जगभर जातो.

३. घड्याळ वर्षानुवर्षे बंद असेल तर चावी देऊन पाहू नये. आतले तेल सुकलेले असते, कोरडी चाके झिजतात. आधी कारागिराकडून साफ करून तेल घालून घ्यावे. मग रोज ठराविक वेळी, मनगटावरून काढून, हलक्या हाताने चावी द्यावी. अडली की थांबावे.

४. फवारणीला आणि पाणी द्यायला जाताना घड्याळ घरी ठेवावे. मोटार व स्पीकरजवळ ठेवू नये. लोहचुंबकाने आतली बारीक स्प्रिंग बिघडते आणि घड्याळ भलतेच पुढे जाते.

५. हे सर्वांत महत्त्वाचे. साधारण १९६० पर्यंतच्या अनेक परदेशी घड्याळांत अंधारात चमकणारे आकडे रेडियमचे असत. अमेरिकेत १९२० च्या सुमारास असे आकडे रंगवणाऱ्या मुली ओठाने ब्रशला टोक काढीत. त्यांतल्या कित्येकींची हाडे कुजली, काही दगावल्या. आज त्या घड्याळाची चमक गेली असेल, रेडियम गेलेले नाही. ते निम्मे व्हायलाच १६०० वर्षे लागतात. औषधाची बाटली रिकामी झाली तरी आपण ती मुलांच्या हाती देत नाही, तसेच हे. काच शाबूत असेल तर ते बंदच ठेवावे. रंग खरवडू नये. काच फुटलेली असेल तर पिशवीत बांधून मुलांपासून दूर ठेवावे.

शेवटी एक करा. बियाण्याच्या पिशवीला जशी खूणचिठ्ठी असते, तशी घड्याळासोबत एक ठेवा. कोणाचे, कोणत्या साली, कोणाकडून आले एवढे लिहा. ज्यांना हे ठाऊक आहे ती म्हातारी माणसे घरात आहेत, तोवरच विचारून घ्या.